तारे, दीर्घिका आणि विश्व : तेथें न जातां कसें कळलें?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इयत्ता नववीच्या वर्गांत आम्ही ताऱ्यांविषयीं कांहीं सांगत होतों. 'व्याधाचें अंतर सुमारें ८.६ प्रकाशवर्षें आहे' असें वाक्य आम्हीं फळ्यावर लिहिलें, तोंच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील येथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत वेल्डर आहेत. तो म्हणाला, "सर, तेथें कोणी गेलेलें नाहीं, टेप लावून कोणीं मोजलेलेंही नाहीं. मग हा आंकडा खरा कशावरून?" वर्गांत हशा पिकला, परंतु आम्हांस हसूं आलें नाहीं. इतका नेमका प्रश्न आमच्या आजवरच्या अध्यापनांत फार थोड्यांनीं विचारला आहे. घंटा झाल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अर्धवट राहिलें. तें येथें पुरें करावें असा आमचा हेतु आहे.

याच सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो आतां महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकतो. तारे, दीर्घिका आणि विश्वरचना या विषयाच्या पहिल्या पाठक्रमाची यादी त्यानें आम्हांस दाखविली. यादी लांबलचक होती. परंतु ती वाचतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, तिच्यांतील प्रत्येक प्रकरण म्हणजे आमच्या मागच्या बाकावरील मुलाच्याच प्रश्नाला दिलेलें एकेक उत्तर आहे. तेव्हां त्याच क्रमानें आपणही पायरी पायरीनें वर जाऊं.

पहिली पायरी जवळच्या ताऱ्यांची. हात लांब करून आंगठा उभा धरावा, आणि आळीपाळीनें एकेक डोळा मिटून त्याकडे पाहावें. मागच्या भिंतीवरून आंगठा इकडून तिकडे सरकल्यासारखा भासतो. तो नाकाजवळ आणला तर अधिक सरकतो, दूर नेला तर कमी. दोन डोळ्यांमधील अंतर ठाऊक असेल व सरकण्याचा कोन मोजतां आला, तर आंगठ्याचें अंतर पट्टी न लावतांही काढतां येतें. जमीन मोजणारा मोजणीदार गोदावरीच्या पलीकडल्या झाडाचें अंतर अलीकडच्या तीरावरून काढतो, तें याच युक्तीनें. ताऱ्यांकरितां आपले दोन डोळे एकमेकांच्या फारच जवळ पडतात. म्हणून ज्योतिर्विदांनीं पृथ्वीच्याच फिरण्याचा उपयोग केला. आज ती सूर्याच्या ज्या बाजूस आहे, तेथून सहा महिन्यांनीं ती सुमारें तीस कोटि किलोमीटर दूर गेलेली असते. हीं दोन ठिकाणें म्हणजेच आपले दोन डोळे.

युक्ति सोपी, परंतु मोजणी अत्यंत कठीण. कोनिग्सबर्ग येथील बेसेल यांनीं १८३८ सालीं हंस तारकासमूहांतील एका अंधुक ताऱ्याचें सरकणें प्रथम विश्वसनीय रीतीनें मोजलें. तो कोन किती लहान होता, याची कल्पना अशी करावी : अडीच सेंटिमीटर रुंदीचें एखादें नाणें सोळा-सतरा किलोमीटर दूर ठेवावें, म्हणजे सातपुरांत उभें राहून जवळजवळ अंजनेरीजवळ ठेवलेलें नाणें पाहावें, तेव्हां तें जेवढें दिसेल तेवढा! त्यावरून त्या ताऱ्याचें अंतर सुमारें अकरा प्रकाशवर्षें ठरलें. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून आपल्यापर्यंत येण्यास त्यास आठ मिनिटें वीस सेकंद लागतात. आणि एका वर्षांत तो साडेनऊ लाख कोटि किलोमीटर जातो. या शेवटच्या अंतरासच प्रकाशवर्ष म्हणतात. आपल्या दक्षिण क्षितिजावर हिवाळ्यांत दिसणारा अगस्ति सुमारें ३१० प्रकाशवर्षें दूर आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर होते त्या सुमारास तेथून निघालेला आहे. युरोपीय राष्ट्रांनीं २०१३ सालीं आकाशांत पाठविलेल्या 'गाइआ' नामक यानानें २०२५ च्या आरंभापर्यंत हेंच काम केलें, व एक अब्जाहून अधिक ताऱ्यांचीं अंतरें मोजण्याची सामग्री जमविली. युक्ति मात्र तीच, आंगठ्याची!

येथवर अंतराचें झालें. परंतु तारा कशाचा बनला आहे, हें तेथें न जातां कसें कळावें? फ्रेंच तत्त्वज्ञ कोंत यांनीं १८३५ सालीं लिहिलें होतें कीं, ताऱ्यांतील द्रव्यांचें ज्ञान मनुष्यास कधींही होणें नाहीं. मोठ्या माणसाचें हें मोठें विधान पंचवीस वर्षेंही टिकलें नाहीं.

लोखंड तापवितांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ठाऊकच आहे कीं, तें प्रथम तांबडें होतें, मग नारिंगी, मग पिंवळें, आणि अतिशय तापलें म्हणजे पांढरें. भट्टीवरील अनुभवी कारागीर रंगावरूनच उष्णता सांगतो. भट्टींत हात घालून पाहत नाहीं. तोच न्याय ताऱ्यांस लागू आहे. मृगांतील काक्षी तांबूस दिसतो, कारण त्याच्या पृष्ठाचें तपमान सुमारें साडेतीन हजार अंश आहे. त्याच मृगांतील राजन्य निळसर पांढरा दिसतो, तो सुमारें बारा हजार अंशांचा. आपला सूर्य या दोहोंच्या मध्यें, सुमारें साडेपांच हजार अंशांवर आहे. सातपुरांतील मुलांनीं हें पुस्तकांतून नव्हे, तर आपल्या वडिलांस विचारून शिकावें.

रंगाहूनही सूक्ष्म साक्ष वर्णपटाची. सूर्यप्रकाश लोलकांतून नेला म्हणजे इंद्रधनुष्यासारखा पट्टा पडतो, व त्या पट्ट्यांत बारीक काळ्या रेषा असतात. जर्मनींतील भिंगें बनविणारे फ्राउनहोफर यांनीं १८१४ पासून या रेषांचा पद्धतशीर नकाशा केला. पुढें १८५९ च्या सुमारास किर्खोफ व बुन्सेन यांनीं प्रयोगशाळेंत दाखवून दिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागींच पडतात. चुलींत मिठाची चिमूट पडली कीं ज्वाळा पिंवळी होते; ती पिंवळी खूण सोडियमची. जशी आंगठ्याच्या ठशावरून माणसाची ओळख पटते, तशी रेषांवरून द्रव्याची पटते. ठसा उमटविणारा मनुष्य समोर असण्याची गरज नसते.

येथें आम्हांस आपली एक चूक कबूल केली पाहिजे. अनेक वर्षें आम्ही वर्गांत अभिमानानें सांगत आलों कीं, हेलियम वायूचा शोध लॉकियर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८६८ सालच्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं आपल्या विजयदुर्गावर लावला. ही गोष्ट कोंकणांत सर्वतोमुखी आहे, आणि ऐकावयासही गोड लागते. परंतु एका विद्यार्थिनीनें निबंधासाठीं माहिती जमवितांना आमच्या निदर्शनास आणलें कीं, १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळीं लॉकियर इंग्लंडांतच होते. तें ग्रहण पाहणारे शास्त्रज्ञ होते, ते गुंटूर येथें झान्सेन, व जमखिंडी येथें धाकटे जॉन हर्शेल इत्यादि. लॉकियर यांनीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, ग्रहण नसतांना, इंग्लंडांतून सूर्याच्या कडेचें निरीक्षण केलें. त्यांत दिसलेली एक पिंवळी रेषा पृथ्वीवरील ज्ञात द्रव्यांपैकीं कोणाचीच नव्हे, हें पुढें ठरलें, आणि त्या अज्ञात द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम म्हणूं लागले. पृथ्वीवर तें रॅम्झे यांस १८९५ सालीं सांपडलें. लॉकियर विजयदुर्गास आले हें खरेंच आहे. परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं, म्हणजे तीस वर्षांनंतर. आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत आपली चूक सांगितली. आवडती गोष्ट फळ्यावरून पुसतांना वाईट वाटलें खरें. परंतु ज्या वर्गांत 'कशावरून?' असें विचारण्याची मुभा आहे, तेथें तो प्रश्न शिक्षकासही लागू झाला पाहिजे.

रेषांवरून द्रव्याचें प्रमाण काढण्याची गुरुकिल्ली आपल्याच देशांतील मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं दिली. तिचा उपयोग करून सिसिलिया पेन या तरुण विदुषीनें १९२५ सालीं दाखविलें कीं, तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. त्या काळच्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांस हें पटेना. कांहीं वर्षांनीं त्यांनींच तें मान्य केलें. सूर्याच्या पोटांत हायड्रोजनचे चार अणुगर्भ मिळून हेलियमचा एक होतो, व या जुळणींत थोडें वजन घटून त्याचें तेज होतें. दर सेकंदास सुमारें साठ कोटि टन हायड्रोजनची अशी जुळणी होते, व त्यांतील सुमारें चाळीस लाख टन द्रव्य तेजोरूप होऊन निघून जातें. हा संसार ४६० कोटि वर्षें चालू आहे, आणि अजून सुमारें ५०० कोटि वर्षें चालेल.

जो तारा मोठा, तो उधळ्या. तो आपलें इंधन लौकर संपवितो. इंधन संपल्यावर ताऱ्याचें काय होतें, याचा विचार सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणानें १९३० सालीं मुंबईहून विलायतेस जातांना बोटीवर केला. त्याच्या गणिताचा निष्कर्ष असा कीं, सूर्याच्या सुमारें १.४ पटींहून अधिक वजनाचा मृत तारा स्वतःचा भार सोसूं शकत नाहीं. तो कोसळत जातो. १९३५ सालीं एडिंग्टन यांसारख्या थोर शास्त्रज्ञानें भर सभेंत या निष्कर्षाची थट्टा केली. परंतु गणित चुकलें नव्हतें. १९८३ सालीं चंद्रशेखरांस नोबेल पारितोषिक मिळालें. प्रचंड ताऱ्यांच्या पोटांत कार्बन, ऑक्सिजन आणि शेवटीं लोहापर्यंतचीं द्रव्यें तयार होतात, व स्फोट होऊन तीं अवकाशांत विखुरतात. त्यांतूनच पुढें नवे तारे आणि ग्रह होतात. आमच्या शेजारच्या कारखान्यांत ज्या लोखंडावर काम चालतें, तें सूर्याच्याही जन्मापूर्वीं मेलेल्या ताऱ्यांनीं घडविलेलें आहे.

आतां दुसरा भाग, दीर्घिकांचा. काळोख्या रात्रीं आकाशांत जो दुधाळ पट्टा दिसतो, ती आपली आकाशगंगा. ती सुमारें एक लाख प्रकाशवर्षें रुंद असून तींत निदान दहा हजार कोटि तारे आहेत. आपला सूर्य तिच्या मध्यापासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षें दूर, एका बाजूस पडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठा वाद होता : आकाशांत दिसणारे कांहीं चक्राकार तेजोमेघ आपल्या आकाशगंगेंतच आहेत, कीं त्या स्वतंत्र आकाशगंगा आहेत? १९२० सालीं अमेरिकेंत शॅपली व कर्टिस या दोघांनीं एकाच व्यासपीठावर परस्परविरुद्ध बाजू मांडल्या, परंतु निर्णय लागला नाहीं. आंगठ्याची युक्ति इतक्या दूरवर चालत नव्हती. दुसरी पायरी हवी होती.

ती पायरी हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनीं बांधली. त्या हार्वर्डच्या वेधशाळेंत अल्प वेतनावर कांचेचीं छायाचित्रें तपासण्याचें काम करीत. वृषपर्वा समूहांतील एका ताऱ्यावरून ओळखले जाणारे कांहीं तारे ठराविक कालानें मंद व तेजस्वी होतात. लेव्हिट बाईंनीं १९१२ सालीं सिद्ध केलें कीं, ज्या ताऱ्याची लय संथ, तो मुळांत अधिक तेजस्वी. आतां पाहा : रात्रीं त्र्यंबक रस्त्यावर दूरवर एक दिवा दिसतो. तो सायकलीचा कीं मालमोटारीचा, हें कळलें, तर त्याच्या मंदपणावरून तो किती दूर आहे, हें सांगतां येईल. लय म्हणजे दिव्यावर लिहिलेली त्याची शक्तीच होय. १९२३ च्या ऑक्टोबरांत हबल यांनीं माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीनें देवयानींतील तेजोमेघांत असा एक तारा हुडकला. त्यांच्या गणितानें तो मेघ आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे ठरला. आज तें अंतर सुमारें पंचवीस लाख प्रकाशवर्षें मानतात. वाद मिटला. विश्व एका रात्रींत मोठें झालें नाहीं. तें मोठेंच होतें, आपणांस मोजपट्टी मिळाली इतकेंच.

या भागाचा एक धडा आपल्या अगदीं जवळ आहे. नाशिकहून पुण्यास जातांना नारायणगांवाजवळ खोडद हें गांव लागतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण तेथें आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांपैकीं चौदा मध्यभागीं, व सोळा तीन दिशांस पसरलेल्या. त्या सर्व मिळून पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीसारखें काम करितात. २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनीं, तेथें मोठें प्रदर्शन भरतें. वर्गांतील त्या प्रश्नानंतर कांहीं महिन्यांनीं आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन खोडदला गेलों. मुलांच्या देखरेखीसाठीं दोन पालक आले होते. त्यांपैकीं एक त्या मुलाचे वडील.

तबकडी जवळून पाहिल्यावर मुलांस प्रथम निराशा वाटली. "सर, ही तर नुसती जाळी!" असें एकजण म्हणाला. जाळी खरीच, बारीक पोलादी तारांची. आम्हीं सांगितलें कीं, तांदूळ गाळणाऱ्या चाळणीच्या छिद्रांतून कलिंगड पडत नाहीं, तसेंच हें आहे. थंड हायड्रोजन वायूंतून निघणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी एकवीस सेंटिमीटर असते. जाळीचीं छिद्रें एक-दोन सेंटिमीटरांचीं. लहरीच्या दृष्टीनें ती जाळी म्हणजे सलग भिंतच. वारा मात्र छिद्रांतून निघून जातो. त्यामुळें तबकडी हलकी राहते, व तिचा खर्च पुष्कळ कमी होतो. त्या मुलाचे वडील बराच वेळ मान वर करून पाहत होते. मग म्हणाले, "आंत काय चालतें तें मला कळायचें नाहीं, सर. पण एवढ्या बारीक तारांची जाळी एवढ्या उंचीवर वांकूं न देतां ज्यांनीं बसविली, त्यांचा हात फार चांगला." मुलगा वडिलांकडे पाहत राहिला. ताऱ्यांच्या शास्त्रांत आपल्या घरच्या विद्येलाही जागा आहे, ही गोष्ट त्या दिवशीं त्यास आमच्या व्याख्यानांतून कळली नाहीं.

त्या परिसरांत आमच्या सर्वांचे मोबाइल बंद करण्यांत आले. कारण दुरून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात कीं, जवळच्या यंत्रांच्या गलबल्यांत त्या बुडून जातात. २०२३ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत याच दुर्बिणीनें ८८० कोटि वर्षांपूर्वीं एका दीर्घिकेंतून निघालेली हायड्रोजनची खूण टिपली. मध्यें असलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगासारखें साहाय्य केल्यामुळें तें शक्य झालें. नाशिक-पुणें वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग याच भागांतून जाणार होता. तेव्हां दुर्बिणीस व्यत्यय येईल अशी हरकत निघाली, व मार्गाचा फेरविचार करावा लागला. रेल्वे आम्हां नाशिककरांसही हवीच आहे. परंतु ऐकण्यासाठीं शांतता लागते, हीही गरज खरी आहे.

तिसरा भाग समग्र विश्वाचा. आगगाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हां आवाज चढा लागतो, दूर जातांना उतरतो. प्रकाशाचेंही असेंच आहे : दूर जाणाऱ्या वस्तूच्या वर्णपटांतील रेषा तांबड्या बाजूस सरकतात. दीर्घिकांच्या बाबतींत आणखी बारकावा असा कीं, मधलें अवकाशच ताणलें जात असल्यामुळें लहरीही ताणल्या जातात. बेल्जियमचे धर्मगुरु व गणिती लमेत्र यांनीं १९२७ सालीं, आणि निरीक्षणांच्या आधारें हबल यांनीं १९२९ सालीं दाखविलें कीं, दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगानें ती आपल्यापासून दूर जाते. फुगणाऱ्या पोळींतील तिळांप्रमाणें प्रत्येकास इतर सर्व दूर जातांना दिसतात. त्यांत मध्यबिंदु असा कोणी नाहीं. मागें मागें हिशेब केला, तर एके काळीं सर्व कांहीं अति दाट व अति उष्ण असलें पाहिजे. हबल यांच्या पहिल्या आंकड्यांवरून विश्वाचें वय सुमारें दोनशें कोटि वर्षेंच निघालें, आणि पृथ्वीवरील खडक तर त्याहून जुने! आई मुलीहून लहान ठरली. १९५२ सालीं बाडे यांनीं दाखविलें कीं, लय बदलणारे तारे दोन जातींचे आहेत, व मोजपट्टींतच चूक होती. अनेक दुरुस्त्यांनंतर आज हें वय सुमारें १३८० कोटि वर्षें मानतात. प्रसरणाचा वेग दोन निरनिराळ्या रीतींनीं मोजला असतां उत्तरें अजूनही तंतोतंत जुळत नाहींत. शास्त्राची वही अशी खाडाखोड केलेली असते. परंतु प्रत्येक खाडाखोडीचें कारण समासांत लिहिलेलें असतें.

लमेत्र यांच्याविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कांहीं लोकांस वाटलें कीं, विश्वास आरंभ आहे, तर हा सिद्धांत म्हणजे श्रद्धेचें प्रमाणपत्रच झालें. परंतु स्वतः धर्मगुरु असूनही लमेत्र यांस आपल्या सिद्धांताचा असा उपयोग मान्य नव्हता. तो पुराव्यानें तरावा अथवा पुराव्यानें मरावा, अशीच त्यांची वृत्ति होती. आम्हांस ती अनुकरणीय वाटते.

पुरावा १९६५ सालीं मिळाला. अमेरिकेंतील पेंझियस व विल्सन यांस आपल्या रेडिओ यंत्रांत सर्व दिशांनीं येणारी एक मंद खरखर ऐकूं येईना तर नवल! ती जाईना म्हणून त्यांनीं यंत्रांतील कबुतरांची घाणदेखील साफ केली. ती खरखर म्हणजे बाल्यावस्थेंतील तप्त विश्वाची निवालेली ऊब होती. आज ती निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २.७ अंश आहे.

या ठिकाणीं आपल्या एका थोर महाराष्ट्रीयाचें स्मरण केलें पाहिजे. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापुरास झाला. केंब्रिज येथें त्यांनीं फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर काम केलें. 'महास्फोट' या अर्थाचा इंग्रजी शब्द हॉयल यांनींच १९४९ सालीं नभोवाणीवर प्रथम वापरला. परंतु त्यांस तो सिद्धांत मान्य नव्हता. नारळीकरांसही नव्हता. बहुतेक जगानें १९६५ च्या पुराव्यानंतर तो स्वीकारला. नारळीकरांनीं अखेरपर्यंत शंका घेतली, पर्यायी मत मांडलें, आणि मोजणीचें आव्हान नाकारलें नाहीं. १९८८ सालीं त्यांनीं पुण्यास 'आयुका' ही संस्था उभारली. विशेष हें कीं, तेथें आपल्या मताविरुद्ध काम करणाऱ्या तरुणांसही त्यांनीं मोकळीक दिली. त्याच संस्थेच्या व पुण्याच्या 'आयसर'च्या संशोधकांनीं २०१७ सालीं सुमारें ४०० कोटि प्रकाशवर्षें दूरचा, ६० कोटि प्रकाशवर्षें पसरलेला दीर्घिकांचा महासमूह हुडकून त्यास 'सरस्वती' हें नांव दिलें. नाशिक येथें २०२१ सालीं भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांस प्रत्यक्ष येतां आलें नाहीं. २० मे २०२५ रोजीं त्यांचें पुणें येथें निधन झालें. बहुमताविरुद्ध उभें राहावें, तरी पुराव्याशीं वैर धरूं नये, हें त्यांच्या चरित्रांतून घेण्यासारखें आहे.

आणि अद्याप पुष्कळ अज्ञात आहे. आजच्या हिशेबानें आपणांस परिचित असें द्रव्य विश्वांत शेंकडा पांचच आहे. सुमारें सत्तावीस भाग अदृश्य द्रव्य, व अडुसष्ट भाग प्रसरणास वेग देणारी अज्ञात शक्ति. त्यांचें स्वरूप कोणासही उमगलेलें नाहीं. आमच्या मागच्या बाकावरील मुलास काम उरलेलें नाहीं, असें कोणीं समजूं नये.

आतां शेवटची गोष्ट. एके सायंकाळीं आम्हीं शाळेच्या अंगणांत मुलांस कृत्तिकांतील तारे मोजावयास सांगितलें. कारखान्यांच्या व रस्त्याच्या दिव्यांच्या उजेडांत कोणास तीन दिसले, कोणास चार. पुढील आठवड्यांत अंजनेरीच्या पायथ्याशीं त्याच मुलांनीं सहा-सात मोजले, आणि आकाशगंगा पाहून कांहींजण बोलेनासे झाले. कारण सातपुरांत वाढलेल्या त्या मुलांनीं ती पूर्वीं कधींच पाहिली नव्हती. दिव्यांवर आमच्या घरांच्या चुली चालतात, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु दिव्याचा उजेड जमिनीवर पडावा, आकाशांत नव्हे, एवढें टोपण तरी त्यावर घालतां येईल. शाळेच्या अंगणांतील दिव्यांस तशीं टोपणें बसविलीं आहेत. तीं त्या मुलाच्या वडिलांनीं सुटीच्या दिवशीं येऊन पत्र्याचीं करून दिलीं.

येत्या मार्गशीर्षांतील अवसेच्या सुमारास, रात्रीं आठनंतर, शहराबाहेर जाऊन उत्तरेकडे उंच पाहावें. शर्मिष्ठेच्या पांच ताऱ्यांची वांकडी आकृति सांपडेल. तिच्या दोन कोनांपैकीं जो अधिक अणकुचीदार, त्याच्या टोंकाच्या दिशेनें दृष्टि पुढें न्यावी. तेथें एक अंधुक, कापसासारखा ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका. पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्यांत येऊन पोहोंचेल. कोणी तेथें गेलेलें नाहीं, हें खरें. परंतु तेथून आलेला दूत तुमच्यासमोर उभा आहे, आणि त्यास कसें विचारावें, हें मनुष्य हळूहळू शिकला आहे. बाळा, तुझ्या प्रश्नाचें आम्हांस येतें तें उत्तर इतकेंच. पुढचें तूं शिकून आम्हांस सांग.